चिलापीची शिरगणती

"तुला मोजायचाच पगार मिळतो म्हनं," आत्या फोनवर म्हणाली, "मग माज्या तळ्यात मासं किती हायत तेवढं सांगून जा की."

मी बारामतीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात पोरांना घेऊन शेळगावच्या माळावर जाते. तिथे लोखंडी सळईच्या चौकटी गवतावर टाकायच्या आणि चौकटीत आलेल्या काड्या मोजायच्या. एकदा आत्याकडच्या चार माणसांनी रस्त्यानं जाताना हे पाहिलं. तेव्हापासून आत्याच्या सासरच्या गोतावळ्यात माझी ओळख झाली ती 'गवत मोजणारी बाई'. आत्याला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट तिला वाटलं, जी गवत मोजते ती मासे का नाही मोजणार?

मला स्वतःला 'किती?' हा रोग लहानपणापासून आहे. पिंपळीला आमच्या उसात पाणी सोडलं की बिळांतून उंदीर बाहेर पळायचे आणि बांधावर बगळे रांग धरून बसायचे. मी वडलांना विचारायची, उंदीर किती असतील हो? ते म्हणायचे, लई. लई म्हणजे किती? मग ते चिडायचे. आमच्या घरात चिडका स्वभाव वडलांना, आत्याला आणि मला सारखाच आलाय. फक्त आत्यानं तो लग्नानंतर आत घालून कडी लावली. मी लावली नाही.

तर आत्याचं शेततळं. शेळगावच्या शिवारात तिच्या घरची पेरूची बाग आहे, आणि बागेच्या वरच्या अंगाला प्लास्टिकचा काळा कागद अंथरलेलं तळं. कॅनॉलचं पाणी आलं की भरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात पुरवून पुरवून झाडांना द्यायचं. दोनेक वर्षांपूर्वी इंदापूरच्या बाजारात तिला उजनीकाठची एक मासे विकणारी बाई भेटली. गप्पा झाल्या, आणि आत्यानं तिच्याकडून बादलीभर चिलापीची पिल्लं आणून तळ्यात सोडली. माझे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, माळकरी. घरात मासा शिजणं तर सोडाच, नाव काढलं तरी ते तोंड फिरवतात. त्यांना आत्यानं सांगितलं, शेवाळ खातात, तळं साफ राहतं. ते खरंही होतं. पण हळूहळू चिलापी वाढली, बाजारवाल्या बाई येऊन घेऊन जाऊ लागल्या, आणि त्यातून जे मिळायचं ते आत्याच्या कमरेच्या पिशवीत जायचं. त्या घरात बाग मामांची, गोठा थोरल्या पोराचा, स्वयंपाकघर सुनेचं झालेलं. तळ्यातली चिलापी तेवढी आत्याची.

आणि आता तीच धोक्यात होती. मामांनी सांगून टाकलं होतं, की यंदा कॅनॉलच्या पाण्याचा भरवसा नाही, एप्रिल-मेमध्ये तळ्यातला शेवटचा थेंब पेरूला लागला तर शेवटचा थेंब घेणार. आत्या म्हणाली, कोपऱ्यात गुडघाभर पाणी ठेवा, माझे मासे जगतील. मामा म्हणाले, "किती माशांना किती पानी लागतंय, ते कुनाला म्हाईत हाय? तुज्या भाचीला विचार. तिनं हिशेबानं सांगितलं तर बघू."

म्हणून तो फोन होता. तिला आकडा हवा होता, आणि तो मामांपुढे ठेवायला हवा होता. तिचे मासे उन्हाळ्यात राहणार का जाणार, हे त्यावर होतं.

मी रविवारी गेले. आत्यानं तळ्याच्या कडेला उभं राहून भाकरीचा चुरा टाकला तसं पाणी उकळल्यागत झालं. पाठी, शेपट्या, तोंडं, नुसती झुंबड.

"लाखभर असतील गं," आत्या म्हणाली.

"शंभर-दोनशे," मामा म्हणाले. ते मागे उभे राहून अजिबात पाण्याकडे बघत नव्हते.

आमच्या शास्त्राची सुरुवात इथूनच होते. ज्याला हवंय त्याला लाख दिसतात, ज्याला नकोय त्याला शंभर. आणि पाण्यातला मासा काही रांगेत उभा राहून हजेरी देत नाही. माळावरचं गवत निदान जागेवर तरी असतं. चौकटीतलं मोजलं, माळ किती चौकटींएवढा आहे ते पाहिलं, गुणाकार केला, झालं. माळावरची चिंकारा मोजायची तर सरळ रेषेत चालत जायचं, दिसली की किती लांब आहे ते टिपायचं. कारण लांबची चिंकारा नजरेतून सुटते आणि किती सुटली असेल याचाही अंदाज बांधता येतो. न दिसलेल्याचा हिशेब! मी पहिल्यांदा हे शिकले तेव्हा मला दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. जे दिसलंच नाही ते मोजायचं, म्हणजे काय गंमत आहे का!

माशांसाठी वेगळी युक्ती आहे. ती मामांना पटल्याशिवाय काही खरं नव्हतं, म्हणून मी ओसरीवर परात मागवली. परातीत हरभरे ओतले, किती ते कोणालाच माहीत नाही. त्यातले मूठभर काढले, मोजले, कुंकवाच्या पाण्यात बुडवून लाल केले आणि परत परातीत मिसळले. मग मामांना म्हटलं, डोळे मिटा आणि तुम्ही एक मूठ काढा. त्यांनी काढली आणि मोजायला लागले. "लाभ, दोन, तीन..." आमच्याकडे धान्य मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मामा तर शाळेतल्या पोरांनाही लाभ म्हणूनच मोजतील.

त्यांच्या मुठीत दहातला एक हरभरा लाल निघाला. म्हणजे सगळ्या परातीतही दहातला एक लाल असणार. लाल किती ते मला ठाऊक आहे, त्याच्या दहापट म्हणजे सगळे. मी आकडा सांगितला. मामांनी सगळी परात मोजायला घेतली, मांडी घालून, चष्मा लावून. चहा गार झाला. मोजणी संपली तेव्हा माझा आकडा थोडाच चुकला होता.

"आयला," मामा म्हणाले, "खरं येतंय की गं!"

त्या दिवशी मामा मला पहिल्यांदा 'मॅडम' म्हणाले. थट्टेनं, पण म्हणाले.

आता हरभऱ्याला रंग लावला, माशाला काय लावायचं? पुस्तकात असतं तसं मी म्हटलं, शेपटीचा पंख जरासा कातरू, परत वाढतो. मामा एकदम उखडले. "आमच्या तळ्यावर मुक्या जीवाला कात्री लावायची न्हाय." बरं, मग? आत्यानं शिवणाचा डबा आणला. पाठीवरच्या पंखाच्या मुळाशी बारीक सुईनं धागा ओवून गाठ मारायची, माशाला कळतही नाही. गढूळ पाण्यात उठून दिसावा म्हणून मी लाल रीळ उचललं. तेव्हा मला त्यात लालशिवाय दुसरं काही दिसलं नाही.

उजनीकडचा एक मासेमार मी बोलावून घेतला होता. त्यानं फेकजाळं टाकून शंभर चिलापी काढून दिल्या. मी ओल्या फडक्यात मासा धरायची, आत्या गाठ मारायची. तिचा हात काय चालत होता! आयुष्यभर पोरांची बटणं लावलेली बाई. प्रत्येक मासा पाण्यात सोडताना ती ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. मी म्हटलं, मोजतेस का? ती म्हणाली, तू मोज की, ते तुजं काम. मी मोजत राहिले.

मासे नीट मिसळू द्यायचे म्हणून आठवडाभर थांबलो. दरम्यान मी वर्गात पोरांना सांगत होते, कुठल्याही जीवांच्या वस्तीला चार दारं असतात. जन्म आणि मरण, येणं आणि जाणं. पुणं घ्या, चारही दारं सताड उघडी. आमच्या आत्याच्या तळ्याला येण्याचं दार नाही, कागद अंथरलेलं तळं आहे. जाण्याचं दार म्हणजे बाजारवाली बाई आणि एखादा बगळा. असलं तळं मिळायला नशीब लागतं. पोरं हसली. पण मला खरंच तसं वाटत होतं. मी रात्रीचं जेवताना हातातला घास विसरून जायची इतकी उत्सुकता होती.

पुढच्या रविवारी दुसरी फेरी. मासेमार जाळं टाकणार, आलेले मासे दोन टबांत पडणार. एका टबावर मी, दुसऱ्यावर आत्या आणि तिची शेजारीण. प्रत्येकीनं आपल्या टबातले मासे मोजायचे, धागेवाले वेगळे सांगायचे आणि सगळे परत सोडायचे. मी दोनदा समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, "कळलं गं, मी काय येडी हाय का!"

बेरीज केली तेव्हा दोघींचे मिळून दीडशे मासे, त्यातले धागेवाले फक्त तीन. तिन्ही माझ्या टबातले.

म्हणजे पन्नासात एक. धागे शंभर. म्हणजे तळ्यात पाच हजार मासे!

मी आकडा मोठ्यानं बोलून बसले. आत्याच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की काय सांगू. पाच हजार! तिनं शेजारणीकडे बघितलं, पदर सारखा केला. तिला वाटलं, आता एवढ्या जिवांना मामा नाही कसं म्हणतील?

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. चिलापी दाटीवाटीनं राहिली की खुरटते. खायला पुरत नाही, मग बोटाएवढीच राहते आणि तेवढ्या वयातच पिल्लं घालत सुटते. हे मासे तर तळहाताएवढे, पाठ भरलेले, चकचकीत. पाच हजारांच्या झुंबडीत असे मासे कसे? पण हरभऱ्यानं दगा दिला नव्हता, मासेही देणार नाहीत अशी मी माझीच समजूत घातली.

मग मी मामांना बोटानं धुळीत आकृती काढून दाखवली. आधी सपाट, मग उभी चढण, मग पुन्हा सपाट. पहिल्या बादलीभर पिल्लांना जागा भरपूर, खाणं भरपूर. दोनाचे चार, चाराचे आठ. पण पंगतीत पानं ठरावीक असली की मागून येणाऱ्याला जागा मिळत नाही, तसं होतं. तळं सांभाळू शकतं तेवढ्यावर येऊन वाढ थांबते. आम्ही त्याला धारणक्षमता म्हणतो. पाणी अर्धं झालं की पानं अर्धी, पाव झालं की पाव. गुडघाभर पाण्यात पाच हजार राहिले तर एका सकाळी सगळे उलटे तरंगतील. हजारभर ठेवायचे असतील तरी गुडघाभर पाणी हवंच.

मामांनी आकृतीतल्या चढणीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पाच हजार तोंडं. आन् वर त्यांच्यासाटनं पानी. न्हाय जमायचं."

"अहो, पर हजारच ठेवू म्हनती ती," आत्या म्हणाली.

"आज हजार. तूच दावलंस की मॅडम, दोनाचं चार, चाराचं आठ. माजी झाडं वाळतील. ह्या म्हयन्यात सगळं मासं काढा."

माझ्या शास्त्रानं त्यांना असं पटवलं. शंभर-दोनशे असते तर त्यांनी कुरकुरत का होईना राहू दिले असते. मी तिच्या हातात पाच हजार ठेवले आणि मामा त्या आकड्याला घाबरले. आत्याचा तोच कडी लावलेला चिडकेपणा. तिनं गेल्या रविवारचे लाल हरभरे निवडून कोंबड्यांना टाकले आणि चूल पेटवायला आत गेली. परतीच्या गाडीत मी इतकी वैतागले होते, की वाटेत एका ट्रॅक्टरवाल्याशी विनाकारण भांडले.

मासे काढायचा दिवस ठरला तसं मासेमारानं ओढायचं मोठं जाळं आणलं, बरोबर टेम्पो आणि क्रेटची चळत. मी सांगितलेल्या आकड्याच्या हिशेबानं त्यानं क्रेट आणले होते. आदल्या दोन दिवसांत बागेला पाणी देऊन देऊन तळं कमरेपर्यंत खाली आलेलं. दोन्ही कडांनी माणसं जाळं धरून ओढत निघाली. पहिल्या ओढीत भरपूर आले, दुसऱ्या ओढीत बरे, तिसऱ्या ओढीत मूठभर.

"ताई," मासेमार म्हणाला, "तळं संपलं."

"संपलं कसं? अजून निम्म्याहून जास्त क्रेट रिकामे आहेत!"

"आता ते मी काय सांगू? पाच हजार कुनी म्हनलं तुमाला?"

मी म्हटलं, मी. तो सभ्य माणूस, क्रेट रचायला लागला. क्रेटातले अंदाजानं मोजले तर बाराशेच्या आसपास. तळहाताएवढे, पाठ भरलेले बाराशे मासे. म्हणजे माशांची अंगं खरं सांगत होती आणि माझं गणित खोटं. कुठे चुकलं? भागाकार? छे, भागाकार शेंबडं पोरही करेल. धागे गळून पडले? आत्याच्या गाठी सुटणाऱ्या नव्हत्या. धागेवाले मासे मेले? मी कडेला बसून डोकं खाजवत होते. समोर आत्या जाळ्याच्या शेवटच्या टोकाशी वाकलेली. तिनं जाळ्यातून एक मासा उचलला, त्याच्या पाठीवर लाल धागा. तिनं ओठ हलवले आणि मासा पाण्यात सोडला. मग दुसरा, तोही सोडला. पहिल्या ओढीपासून ती हेच करत असणार.

"आत्या! अगं काय करतेस? ते धरायचेत!"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली जसं मी तिला देव्हाऱ्यातली घंटा विकायला सांगितली. "सोडल्यालं जनावर धरत्यात व्हय?"

सोडलेलं जनावर! माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमच्याकडे नवसाचा बोकड देवाच्या नावानं सोडतात, कानात नाहीतर गळ्यात लाल दोरा बांधून. देवाला सोडलेला वळू कुणाच्याही उसात शिरो, कोणी काठी उचलत नाही, हाकलतानासुद्धा हात जोडून हाकलतात. लाल दोरा बांधला, तोंडानं नाव घेतलं आणि मोकळं सोडलं की ते जनावर माणसाच्या हिशेबातून गेलं. मी पिंपळीत वाढले, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या लेखी ती नुसती खूण होती, आणि आत्या बांधत होती तो देवाचा दोरा.

"त्या रविवारी? दुसऱ्या मोजणीला? तुझ्या टबात आले होते धागेवाले?"

"आलं हुतं की. आठ-दहा असतील."

"आणि ते?"

"सोडलं. ते मोजायचं नसतंय."

"मी दोनदा सांगितलं होतं ना तुला!"

"तू म्हनलीस, मासं मोज. ते काय आता मासं हायत व्हय?"

मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगते, राग आला तो क्षणात उतरला आणि मला हसू फुटलं. ते आठ-दहा धरले असते तर तीनाचे अकरा-तेरा झाले असते आणि आकडा बाराशे-तेराशेच्या आसपास येऊन बसला असता! युक्ती चोख होती. तिची एकच अट असते, खूण केलेला आणि न केलेला यांत कोणी फरक करायचा नाही. जाळ्यानं केला नव्हता, पाण्यानं केला नव्हता. आत्यानं केला. मला तर तेव्हाच वाटायला लागलं, जगात कुठे कुठे, कोण कोण माणसं, खूण केलेली जनावरं हळूच बाजूला करत असतील आणि कुठल्या कुठल्या आकड्यांत ती भर पडली असेल!

हे सगळं चाललं असताना मामा वरच्या भरावावर उभे होते. मासेमारानं खात्रीसाठी घेतलेली शेवटची ओढ काठाला लागली तेव्हा एक चिलापी उसळून कागदावर पडली आणि तडफडायला लागली. लाल धागेवाली. मासेमाराचा हात तिच्याकडे गेला तसे मामा ओरडले, "ए, थांब! ती न्हाय!" आणि तो माणूस, ज्यानं जन्मात माशाला हात लावला नव्हता, भरावावरून घसरत खाली आला, दोन्ही हातांच्या ओंजळीत मासा उचलला आणि वाकून पाण्यात सोडला. मग हात धुतले, गळ्यातल्या माळेला पाणी लावलं आणि कुणाकडे न बघता बागेत निघून गेले. मासेमार माझ्याकडे बघायला लागला. मी आत्याकडे बघितलं. ती जाळं झटकत होती.

टेम्पो गेला. तळ्यात राहिले ते फक्त धागेवाले. शंभर सोडले होते, त्यातले चार-दोन बगळ्यानं नेले असतील. बाकी सगळे तिथेच.

मग उन्हाळा आला तो असा काही आला, की बारामतीत दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. कॅनॉलचं आवर्तन लांबलं. मी मनात धरून चालले होते की तळं एव्हाना कोरडं पडलं असणार. मामांनी शेवटचा थेंब म्हटलं होतं आणि मामा बोललेलं मोडत नाहीत. आत्याला फोन करायची हिंमत होत नव्हती. मेच्या मध्यावर शेवटी न राहवून गेले.

पेरूची खालची पानं पिवळी पडली होती. मोटर बंद होती. तळ्यावर गेले तर खालच्या कोपऱ्यात पाणी. गुडघ्याच्याही थोडं वर. आणि त्यात लाल लाल ठिपके फिरत होते. मी खाली उतरून बसले आणि नुसती बघत राहिले. कडेच्या उथळ पाण्यात शेवाळासारखं काहीतरी हलत होतं. वाकून बघितलं तर पिल्लं. जिऱ्याएवढी. बोट घातलं की एकदम फुटायची, काढलं की परत गोळा व्हायची. चढण सुरू झाली होती. या खेपेला सुरुवातीचा आकडा मला पक्का ठाऊक होता, असं तळं कुठल्या संशोधकाला मिळतं?

आत्या भाकरीचा चुरा घेऊन आली. मी विचारलं, "मामांनी पाणी ठेवलं?"

"पंधरा दिस झालं, मोटर लावत न्हाईत. पाईप पान्यातनं वर काढून ठेवलाय त्यांनी. थोरलं पोरगं भांडलं त्यांच्याशी, बाग वाळतीया म्हनून. ह्ये म्हनलं, देवाच्या जिवांचं पाप मला घ्यायचं न्हाय."

धारणक्षमता कशावर ठरते, असा प्रश्न मी दरवर्षी पेपरात घालते. पोरं लिहितात, अन्न, जागा, हवा. मी पूर्ण मार्क देते. त्या कोपऱ्यातली धारणक्षमता मामांच्या हातावर होती, स्टार्टरच्या बटणावर ठेवलेल्या हातावर, आणि तो हात कुणापुढे थांबतो हे आत्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला एकदम वाटलं, विचारावं का? विचारलंच.

"आत्या, तू ते मासे खरंच देवाला सोडलेस, का..."

ती चुरा टाकत राहिली. "मोजायच्या येळंला सवयीनं सोडलं. लाल धागा बांधला की तोंडातनं नाव येतंयच. पर जाळं लावलं त्या दिवशी ह्ये वर हुबं हायत ते मी बघितलं हुतं. तवा समजून सोडलं."

"मग तुला आधी सरळ सांगायचं होतं ना त्यांना, की हे माझे मासे आहेत, मला पाणी हवंय!"

"सांगितलं हुतं की. तुज्यासमोरच सांगितलं." तिनं हात झटकले. "लगीन होऊन ह्या घरात आल्यापासनं, मला पायजे म्हनून एक तांब्या पानी कुनी बाजूला ठेवलं न्हाय, पोरी. देवाला पायजे म्हनलं की तळं ठेवत्यात."

ती पाण्याकडे बघत होती, त्या जिऱ्याएवढ्या पिल्लांकडे, ज्यांच्या पाठीवर कसलाच धागा नव्हता.

"ही वाढली की ये," ती म्हणाली. "सुई मी देते. रीळ तू आन."